गाऱ्हाण्यातला गंज

आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या शिमग्यात देवीला माझ्या बायकोची तक्रार कळवण्यात आली. पालखी घरोघर फिरत आमच्या घरापुढच्या खळ्यात आली, पाटावर बसली आणि ढोल थांबले. मग गावकर पुढे झाले. गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घराकडे पिढ्यानपिढ्या आहे, ते हे वाडीतले वयस्क गृहस्थ. गावाच्या वतीनं देवीशी बोलायचं ते त्यांनीच. त्यांनी हात जोडून, मागच्या आंब्याच्या बागेपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्या घरच्या सुनेची कूस उजव रे म्हाराजा!" भोवतीच्या सगळ्या पुरुषांनी एका दमात उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!" देवी असली तरी गाऱ्हाण्यात महाराजच म्हणतात. त्याबद्दल तिची तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

बायको नारळाचं ताट धरून पालखीसमोर उभी होती. गाऱ्हाणं संपल्यावर गावकरांनी ताटातला नारळ उचलून तिच्या पदरात घातला. पुन्हा ढोल वाजू लागले आणि देवी पुढच्या घरी गेली. तिथं म्हशीचा प्रश्न होता.

बायकोचं माहेर कोल्हापूर. आम्ही राहतो रत्नागिरी शहरात. गाव पूर्णगडच्या रस्त्याला, आणि तिथं जाणं होतं ते शिमग्याला आणि गणपतीला. त्या दिवशी परतताना तिनं विचारलं, "आमच्याकडं घरातली गोष्ट शेजारणीला कळायला निदान चार दिवस लागतात. तुमच्याकडं त्यासाठी ढोल थांबवतात?"

"प्रथा आहे," मी म्हणालो. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की पुढचं बोलणं बंद होतं. ती कोल्हापूरची असल्यामुळे झालं नाही.

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मागे."

मी मागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. ते मी सांगितलं नाही. तिनं ऐकलंच होतं.

गाऱ्हाण्याचं असं आहे, की एकदा घातलं की काम होईपर्यंत ते चालू ठेवावं लागतं. दर शिमग्याला बायको ताट धरायची, गावकर तिची कूस देवीच्या कानावर घालायचे, मुंबईहून आलेले चाकरमानी आदल्या वर्षीपेक्षा जरा जास्त जोरात "व्हय" म्हणायचे आणि नारळ पदरात पडायचा. मधल्या काळात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही तर दोनदा. सगळं व्यवस्थित निघालं. शेवटी रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि एखादी नवी कल्पना सुचल्यासारखं म्हणाले, "आपण मिस्टरांचीही तपासणी करून घेऊ या का?"

त्या दवाखान्याच्या भिंतींवर गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाळांचे फोटो आहेत. रत्नागिरीत उपचार घेऊन अशी बाळं होऊ लागली तर वेगळेच प्रश्न उभे राहतील, असं मला तिथं बसल्याबसल्या दर वेळी वाटतं. टेबलावर शुक्राणूची एक प्लॅस्टिकची मोठी प्रतिकृती आहे. शेपटी स्प्रिंगची. पंखा लावला की ती हलते. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी पंखा जोरात होता आणि ती प्रतिकृती माझ्या शुक्राणूंपेक्षा पुष्कळच उत्साही दिसत होती.

"संख्या ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण हालचाल कमी आहे, आणि आतला डीएनए बऱ्याच ठिकाणी तुटलेला आहे. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिसतोय. सिगारेट? तंबाखू? दारू?"

"नाही. नाही. नाही."

"काम काय करता?"

"कॉलेजात ग्रंथपाल आहे."

"कामाचा ताण?"

"पुस्तक न्यायला कुणी येत नाही. त्यामुळे ते परत येईल की नाही, असाही ताण नाही."

डॉक्टर हिरमुसले. कारण सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी समजावून सांगायला घेतलं, आणि ते त्यांनी चांगलं सांगितलं. नीरफणस चिरून उघडा ठेवला की काळा पडतो, म्हणून आपण त्याच्या फोडी ताकात किंवा आंबट पाण्यात टाकतो. तसंच हे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो त्याचेच काही बिथरलेले अंश शरीरात तयार होत असतात आणि दिसेल त्याला चावत सुटतात. बाकीच्या पेशींकडे त्यांना आवरायची व्यवस्था असते. शुक्राणूकडे ती जवळपास नसते. लांबच्या प्रवासाला हलकं निघायचं म्हणून त्यानं सगळं सामान आधीच टाकून दिलेलं असतं. "छत्रीसुद्धा," डॉक्टर म्हणाले. त्यात त्याचं आवरण नाजूक चरबीचं. ते खराब झालं की शेपटीचा जोर जातो, आणि आतला डीएनए उघडा पडतो.

"मग तो प्राणवायू तिथून काढूनच टाकायचा," बायको म्हणाली.

"तसंही चालत नाही. थोडा लागतोच. नाहीतर शुक्राणू बीजांडात शिरायला तयार होत नाही."

"थोडा म्हणजे किती?"

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." एवढी मोठी कबुली दिल्यावर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. काहींना उपयोग होतो, काहींना नाही, असंही सांगितलं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, तोवर घेत राहा, मग पाहू.

बाहेर पडताना मी विचार करत होतो. आयुष्यात मला ताण असा कधी आला नव्हता. लोक ताणाबद्दल बोलायचे तेव्हा मी त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहायचो. आणि आता कळत होतं, की माझ्या वाट्याचा ताण माझ्या पेशींनी परस्पर उचलला होता आणि मला कळवण्याची तसदीही घेतली नव्हती.

गावच्या घरी आई आणि काका राहतात. आईला मी सगळं सांगितलं. तिनं त्यातलं नीरफणस आणि ताक एवढंच घेतलं आणि मला चिरलेल्या फोडीसारखं वागवायला सुरुवात केली. सकाळी ताक, दुपारी आमसुलाचं सार, संध्याकाळी आवळा. शहरात असलो तर फोन करून विचारायची, "घेतलंस काय?" मी काळा पडत चाललोय, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. भेटलो की आधी चेहरा निरखायची.

काकांचं तसं नव्हतं. काका उभा जन्म बोटीवर होते, मालवाहू जहाजांवर. निवृत्त झाल्यापासून घरालाच जहाज समजून चालवतात. पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि समुद्र तिथून दिसत नसतानाही त्याच्या दिशेनं पाहतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"ऑक्सिजन खातो म्हणतोस? अरे, मग गंजच की रे तो! एवढा मोठा डाक्टर, त्याला गंज म्हणता येत नाय?"

गंज म्हणजे काकांचा हातखंडा. बोटीवर त्यांनी दुसरं काही केल्याचं त्यांच्या बोलण्यातून जाणवत नाही. समुद्राची खारी हवा बोट खायला बसलेली असते आणि काका हातोडी घेऊन तिला आडवे जातात, असं त्यांच्या आठवणींचं स्वरूप असतं.

"आधी खरवडायचा. मग प्रायमर. मग रंगाचे दोन हात."

"काका, इथं खरवडता येत नाही."

"तोच वांधा हाय," काका गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी माझ्या गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं, चष्म्यापासून हातभर लांब धरून वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. "झिंक! जस्त लिहिलंय रे ह्याच्यावर! हा तुझा डाक्टर बोटीवर होता काय?"

जहाजाच्या बुडाला, पंख्याजवळ, जस्ताचे ठोकळे ठोकलेले असतात. पाण्यात गंज आधी जस्ताला खातो आणि लोखंड वाचतं. ठोकळा संपत आला की नवा लावायचा. "जस्त मरतं म्हणून बोट तरते," काका म्हणाले आणि पाकीट दोन्ही हातांनी मला परत दिलं. मी नंतर ग्रंथालयात वाचून पाहिलं. शरीरात जस्त तसं काम करत नाही; त्याची तऱ्हा निराळी आहे. पण तोवर काकांनी माझ्या आजाराची मालकी घेतली होती. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचं सांगणं मी विसरलो, ठोकळा लक्षात राहिला.

शिमगा जवळ आला तेव्हा बायको म्हणाली, "यंदा मी ताट धरणार नाही."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"रिपोर्ट कुणाचा आहे?"

"माझा."

"मग ताट कुणाचं?"

मी गप्प राहिलो. ग्रंथपालाला ते जमतं.

"गाऱ्हाणं तुमच्या नावानं घातलं तर मी गावी येते. परत माझ्या कुशीचं घातलं, तर मी कोल्हापूरला जाते. परत कधी यायचं ते तिथं गेल्यावर ठरवते." तिनं हे भाजी निवडताना सांगितलं. भांडताना सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो.

पालखी यायच्या आदल्या संध्याकाळी गावकर घरोघरी विचारून जातात, की कुणाचं काय सांगायचं आहे. ते आले, पडवीत टेकले, आईनं दिलेलं पाणी प्यायले.

"मागल्यासारखाच ना? सुनेची कूस?"

"नाही," बायको म्हणाली. "बदल आहे. ह्यांच्या नावानं घाला. दोष ह्यांच्याकडं निघालाय."

गावकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी समुद्राकडे पाहिलं.

"तशी प्रथा नाय," काका म्हणाले. "घराण्याचं नाव आहे गावात. आपण म्हणजे काय..."

"मग प्रथेप्रमाणं इतकी वर्षं देवी चुकीच्या माणसावर काम करतेय, काका. मला काही झालेलंच नव्हतं. ती तरी बिचारी काय बरं करणार?"

हे ऐकून काकांना काही झालं नाही, पण गावकर चमकले. पुरुषाची लाज वगैरे त्यांच्या डोक्यातही आली नसावी. त्यांना धंद्यातली चूक दिसली.

"म्हंजे आमी देवीला चुकीचा सांगितला?"

"सांगितलं."

"मंग ती बसली असंल शोधीत," गावकर हळूच म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"आधी कौल लावू," काका म्हणाले. देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते त्यावरून तिचं मत ओळखायचं, तो कौल.

"रिपोर्ट आलाय की," बायको म्हणाली. "आणखी कौल कशाला?"

गावकर विचारात पडले होते. "बाप्याचा सगला सांगतो आमी देवीला. कोर्टाची केस सांगतो, दुबईचा व्हिसा सांगतो, गुडघा सांगतो. पन ह्या बाबतीत बाप्याचा नाव कधी घेतला नाय. माज्या बापाने नाय, आज्याने नाय."

"तुमच्या आज्यापासून गावात एकाही पुरुषाला हा त्रास नव्हता?"

गावकरांनी आढ्याकडे पाहिलं. आढ्यात पुष्कळ वेळ पाहण्यासारखं काही नाही. "कोनी सांगितला नाय," ते म्हणाले.

त्यानंतर खरी अडचण सुरू झाली. देवीला काय सांगायचं ते गावकरांना आधी समजायला हवं होतं. मी प्राणवायूचं सांगितलं.

"हवेनं होतो? आपण घेतो तीच हवा?"

"तीच."

"मंग हवा कमी कर म्हनून सांगू?" त्यांनी स्वतःच मान हलवली. "नको बाबा. मागं एकाच्या लग्नासाठी पाऊस थांबव म्हनून सांगितला, तो लावणी करपली तरी आलाच नाय. तुजी हवा कमी कराची म्हनून देवीनं गावाची केली तर? सगला गाव तोंड उघडून पडंल मासलीसारखा."

एवढा वेळ गप्प बसलेल्या काकांना हे सहन झालं नाही. आपल्या विषयावर दुसऱ्यानं चुकीचं बोललेलं त्यांना खपत नाही. "हवा कशाला काढता त्यात? गंज म्हणा, गंज! बीजाला गंज लागलाय, तो काढ म्हणा." आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण गाऱ्हाण्याला संमती देऊन बसलो आहोत. पण गंजाबद्दल बोललेलं मागे घेणं त्यांच्या स्वभावात नाही.

"गंज. ह्या समजतंय," गावकर म्हणाले.

"सगळा काढू नको म्हणा पण," बायको म्हणाली. "थोडा लागतो. डॉक्टर म्हणालेत."

"किती ठेवाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते अजून कुणालाच कळलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग 'बेतानं' म्हनतो," गावकर उठत म्हणाले. "बेत तिचा तिला कळतो."

दुसऱ्या दिवशी खळं भरलं होतं. मुंबईहून आलेले सगळे होते, काही जण फोन उंच धरून पालखीचं चित्रीकरण करत होते. ढोल थांबले. मी ताट धरून उभा राहिलो. नारळ जड असतो, हे मला नव्यानं कळलं. ताटात ठेवून दोन्ही हातांनी धरला की तो आणखी जड होतो, आणि गाऱ्हाणं लांबलचक असतं. आधी बारा वाड्या, मग पाऊस, मग मोहोरावरची कीड. दर वाक्याला "व्हय म्हाराजा", "व्हय म्हाराजा".

मग गावकरांनी आवाज चढवला. "ह्या घरच्या ह्या लेकाच्या बीजाला गंज लागला हाय. तो बेतानं दूर कर रे म्हाराजा!"

कुणीही काही बोललं नाही.

खळ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एक कुत्रं कान खाजवत होतं, ते थांबलं. गाऱ्हाण्याला लोकांची साथ नसेल तर ते देवीपर्यंत पोचत नाही, ते खळ्यातच पडून राहतं. गावकर हात जोडून तसेच उभे होते. सगळे पुरुष पायाकडे बघत होते. प्रत्येकाचा हिशेब दिसत होता: आधी तोंड उघडेल त्याच्याकडे लोक वळून पाहणार. बायको दारात उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. कोल्हापूरची एसटी सकाळची असते, एवढंच डोक्यात होतं.

"व्हय म्हाराजा," मागून एक आवाज आला.

ढोलवाला. माझ्याच वयाचा. त्याची बायको माझ्या बायकोच्याही आधीपासून दर शिमग्याला ताट धरत आलेली. अख्खं खळं त्याच्याकडे वळलं, आणि तो ढोलाची दोरी ताणायला लागला, जी आधीच ताणलेली होती.

त्यासरशी सगळा हिशेब उलटला. आता जो बोलणार नाही त्याच्यावर संशय. "व्हय म्हाराजा!" एक जण घाईनं म्हणाला. "व्हय म्हाराजा!" दुसरा. मग सगळ्यांनी एकदम असा काही गजर केला, की फांदीवरचे कावळे उडाले. काका सर्वांत शेवटी, बोटीवर हुकूम द्यावा तसे ओरडले. त्यांचा संशय कुणालाच नव्हता. त्यांना गंजाबद्दल बोलायचं होतं.

गावकर समाधानानं पुढे आले, ताटातला नारळ उचलला आणि थबकले. नारळ पदरात घालायचा असतो. मला पदर नव्हता. गावकर नारळ धरून माझ्यासमोर, मी रिकामं ताट धरून त्यांच्यासमोर, आणि देवी वाट बघतेय. "हातात द्या," मी पुटपुटलो. "हातात कसा? ओटीतच," गावकर म्हणाले. त्यांच्या बापानं नाही, आज्यानं नाही.

"अरे, सदरा धर!" आई म्हणाली. ती मागून आली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, आणि मी शर्ट खालून बाहेर काढून दोन्ही हातांनी पुढे पसरला. गावकरांनी नारळ त्यात सोडला. शर्टाचं वरचं बटण तुटून पालखीपाशी गेलं.

दारातून हसू आलं. ते दाबलेलं होतं, मग सुटलं. इतक्या वर्षांत बायकोला पालखीसमोर हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आईनं मागं वळून पाहिलं, आणि मला वाटलं आता ती काहीतरी बोलणार. पण तीही हसत होती, ताटानं तोंड झाकून.

बायको कोल्हापूरला गेली नाही. म्हणजे मे महिन्यात गेली, आंब्याची पेटी घेऊन, आणि ठरल्या दिवशी परत आली.

शिमग्यानंतर ग्रंथालयात वर्दळ सुरू झाली. पहिला आला ढोलवाला. बाजाराला रत्नागिरीत आलो होतो, म्हणाला, आणि कपाटांमधून बराच वेळ फिरला. शेवटी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "तो गंजाचा डाक्टर कुठे बसतो?" मी पत्ता सांगितला. जाताना तो शोभेसाठी कृषीविषयक एक पुस्तक घेऊन गेला. मग दुसरा आला. त्याला मित्रासाठी हवं होतं. मग त्याचा मित्र आला. त्यालाही मित्रासाठीच हवं होतं. हे सगळे काहीतरी घेऊन जातात आणि आणून देत नाहीत. कामाचा ताण म्हणजे काय, ते मला आता समजू लागलं आहे.

माझा दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा जरा बरा आला. गोळ्यांमुळे असेल, किंवा एरवीही असा चढउतार होतो, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणते ताक. काका म्हणतात जस्त. गावकर काही म्हणत नाहीत, पण भेटले की माझ्याकडे आपण लावलेल्या कलमाकडे पाहावं तसे पाहतात. मूल अजून नाही. हे विचारायला लोक अवघडतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

शिमगा पुढच्या आठवड्यात आहे. परवा गावकरांचा फोन आला, की आमचं चालूच ठेवायचं ना. ठेवायचं, मी म्हणालो. यंदा असा गंज आणखी काही घरांतून सांगायचा आहे, म्हणून मोहोरावरच्या किडीनंतर तो सगळ्या गावाचा मिळून एकदाच घ्यावा का, असा त्यांचा विचार चालला आहे. बायको शेजारीच होती. "एकत्र नको," ती म्हणाली. "ज्याचं ताट त्यानं धरावं."

मी शिंप्याकडे जाऊन जरा ऐसपैस सदरा शिवायला टाकला आहे.